कॅलिपरची सील किट बदलली तरी ब्रेक धरून राहतो, अडतंय कुठे?

जुनी_चारचाकी: पुढे डिस्क, मागे ड्रम. दहा-बारा किलोमीटर झाले की पुढचं डावं चाक भाजतं, पेडल वर येऊन कडक लागतं. अर्धा तास उभी ठेवली की ठीक. कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सील किट म्हणजे आतली रबरं आणि पॅड नवे आहेत, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन हाताने सरकतात. उजवं चाकही तापतं, पण कमी. अख्खा कॅलिपरच बदलू का?

दहाचा_पाना: कॅलिपर राहू द्या. आधी दाब अडकलाय की लोखंड, ते ठरवा, आणि तेही ब्रेक धरलेला असतानाच. गार झाल्यावर काही सापडत नाही. मागच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी स्टँडवर घ्या. ब्लीडर निपलला (कॅलिपरवरचा, ब्रेकचं तेल सोडायचा स्क्रू) नळी लावून पाव आटा सैल करा. तेल जोरात उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता. तेल नुसतं ठिबकलं आणि चाक जडच राहिलं तर पिस्टन, पिन किंवा ब्रॅकेटमधला गंज.

दाब निघाला तर निपल बंद करून ब्रेक पुन्हा धरू द्या. आता रबरी होजच्या (कॅलिपरला तेल नेणारी नळी) वरच्या टोकाला, लोखंडी पाइपचा नट सैल करा (फ्लेअर पाना वापरा, साध्याने नटाचे कोपरे जातात). चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा भाग). नाही सुटलं तर होज. बाहेरून ठणठणीत दिसणारा जुना होज आतून फुगलेला असतो: पायाच्या जोराने तेल पुढे जातं, परत येताना तो जोर नसतो. एक बदललात तर जोडीचाही बदला.

पुशरॉड: मला होज वाटत नाही. एकाच होजने पेडल वर येत नाही आणि उजवं चाकही तापत नाही. मास्टर सिलिंडरच्या टाकीखाली एक बारीक भोक असतं. पेडल सोडलं की ते उघडं हवं, म्हणजे तापून फुगलेलं तेल टाकीत परत जातं. ते झाकलेलं राहिलं की दाब वाढतच जातो.

ब्रेक धरल्यावर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) यांच्यामधले दोन नट सैल करून मास्टर २-३ मिमी पुढे ओढा. चाकं सुटली तर पुशरॉड (मास्टरला आत ढकलणारी दांडी) लांब आहे किंवा पेडल पूर्ण मागे येत नाही. नाही सुटली तर भोक तुंबलंय किंवा आतलं रबर फुगलंय. टाकीच्या झाकणाचं रबर बघा. ते मऊ, फुगीर असेल तर कधीतरी चुकीचं तेल पडलंय, मग नुसतं तेल बदलून भागत नाही, सगळी रबरं बदलावी लागतात.

जुनी_चारचाकी: पेडलला प्ले (मोकळी चाल) अजिबात नाही. ब्रेक लाइटचा स्विच मात्र नवा बसवलाय.

पुशरॉड: मग नट खोलण्याआधी तोच बघा. स्विच जास्त आत बसला की पेडल मागे येण्याआधीच त्याला टेकतं. लॉकनट सैल करून स्विच मागे घ्या, पेडलला मॅन्युअलमध्ये दिलेला प्ले मिळाला की लॉकनट आवळा. पाय काढल्यावर ब्रेक लाइट विझतो ना, तेही बघा.