सिंक तुंबलंय, बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येतंय. ॲसिड ओतू का?

ओली फरशी:
मंडळी, जरा मार्ग सुचवा. स्वयंपाकघरातलं सिंक बरेच दिवस सावकाश उतरत होतं. रबरी पंप मारला की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. काल रात्री नाली साफ करायची पावडर टाकली, तर आता पाणी जागचं हलत नाही. सिंक निम्मं भरलेलं आहे. त्यात नवीन भानगड अशी की वॉशिंग मशीनने पाणी सोडलं की बाथरूमच्या जाळीतून आधी गुडगुड आवाज आणि मग फेसासकट पाणी वर. संडासाचा फ्लश मात्र व्यवस्थित जातो. घर तळमजल्यावर आहे. शेजारी म्हणतात ॲसिड ओता, एका दमात मोकळं होईल. ओतू का?

गप्प वाचक:
ॲसिड नको. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर टाका, वरून उकळतं पाणी. निरुपद्रवी आहे.

पानापक्कड:
प्लंबिंगचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

ॲसिड ओतायचं नाही. त्या पावडरीत बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. त्यावर ॲसिड पडलं की पाणी तिथल्या तिथे उकळून तोंडावर उडतं. कुणी आधी ब्लीच टाकलं असेल तर ॲसिडबरोबर क्लोरीन वायू तयार होतो, तो वेगळाच ताप. कुठल्याही सिंकखाली बसण्याआधी माझा पहिला प्रश्न असतो, आत काय ओतलंय? लोक म्हणतात 'काही नाही', आणि ट्रॅप, म्हणजे खालचं पाणी धरून ठेवणारं वाकडं वळण, सैल केला की बोटं बुळबुळीत व्हायला लागतात. ती बुळबुळ म्हणजे आपल्याच कातडीचा साबण होत असतो. तेव्हा कुणाला बोलावलंत तर पावडरीचं आधी सांगा, डबाही दाखवा.

आता सिंकमधल्या पाण्यात पंप मारू नका, शिंतोडे डोळ्यांत जातील. रबरी हातमोजे, चष्मा घाला आणि प्लॅस्टिकच्या मगाने पाणी हळूहळू बादलीत काढा. ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो. बादली संडासात ओता, मागून भरपूर पाणी सोडा. ती लाइन मोकळी आहे हे तुम्हीच लिहिलंय.

आणि तेच महत्त्वाचं आहे. सिंक, मशीन आणि बाथरूमची जाळी तिन्ही बिघडलेत, संडास ठीक. म्हणजे या तिघांचं पाणी जिथे एकत्र येतं त्याच्या पुढे, चेंबरच्या (घराबाहेर पाइप येऊन मिळतात त्या झाकणाच्या खड्ड्याच्या) अलीकडे अडलंय. संडासाची लाइन वेगळी असणार. सिंकखालचा ट्रॅप साफ करून काही मिळणार नाही. मशीन एकदम पाणी सोडतं, पुढे वाट नाही, म्हणून ते सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं, आणि ते तोंड तुमच्या बाथरूमची जाळी. मशीन सध्या बंदच ठेवा.

बाहेर चेंबर असेल तर झाकण उचलून बघा. आत कोरडं आहे की भरलंय, तेवढं सांगा. उथळ चेंबर असेल तरच, तेही वरून वाकून. खोल असेल तर आत उतरायचं नाही, खाली विषारी वायू साचतो आणि माणूस हाक मारायच्या आत कोसळतो.

गप्प वाचक, सोडा आणि व्हिनेगर एकमेकांनाच संपवतात. फेस येतो, छान वाटतं, मागे खारट पाणी उरतं. चरबी जागच्या जागी. उकळतं पाणीही पीव्हीसी पाइपला नको, ७५-८० अंशांच्या आसपास तो मऊ पडायला लागतो. गरम पाण्याने चरबी वितळते खरी, पण पुढे पाइप गार लागला की तिथे पुन्हा थिजते. घाण आपण फक्त पुढच्या मुक्कामाला पाठवतो.

ओली फरशी:
सिंक रिकामं केलं. चेंबर गुडघ्याएवढंच खोल आहे. आत जवळजवळ कोरडं! घराकडून येणाऱ्या पाइपच्या तोंडाशी पांढरट, मेणासारखा थर आहे, मधून बारीक धार लागली आहे. संडासाचा पाइप खरंच वेगळा येतो.

पानापक्कड:
मग सोपं आहे. सिंकमधून कॉइल, म्हणजे पाइप मोकळा करायची लांब स्प्रिंगसारखी तार, घालत बसू नका, वळणं फार पडतात. चेंबरकडून घराच्या दिशेने घाला, सरळ जाते. हातमोजे आणि चष्मा काढू नका, पाइपात पावडरीचं पाणी अडकलेलं आहे आणि अडथळा सुटला की ते एकदम बाहेर येतं. चेंबरचं तोंड आडवून उभं राहू नका, बाजूला थांबा.

सुरुवात करण्याआधी चेंबरमधून पुढे जाणाऱ्या पाइपला जाळीचा तुकडा लावा. वड्या निघतील त्या हाताने गोळा करून कचऱ्यात, नाहीतर पुढच्या चेंबरला हेच लग्न पुन्हा. कॉइल अडली की जोर लावायचा नाही, घड्याळाच्या दिशेने फिरवत थोडी पुढे, थोडी मागे. उलटी फिरवली तर काही कॉइलचं टोक सुटून आत राहतं. मोकळं झालं की आतून नळ सोडून बराच वेळ पाणी जाऊ द्या.

साबणफेस:
यांचं झालं, माझं विचारते. आमच्या पाहुण्यांच्या खोलीतलं बाथरूम तुंबत नाही, पण वास मारतो. हेच कारण असेल का?

पानापक्कड:
नाही. वापर नसला की ट्रॅपमधलं पाणी वाळतं आणि गटारीचा वायू सरळ वर येतो. अधूनमधून तांब्याभर पाणी ओता. तरीही वास राहिला तर बघू.

ओली फरशी:
निघालं! साबणाच्या वडीएवढे गोळे निघाले, मध्ये केस आणि प्लॅस्टिकचा चिटोरा. मशीन चालवून पाहिलं, जाळी गप्प आहे. परत होऊ नये म्हणून काय करू?

पानापक्कड:
तेलकट भांडी आधी कागदाने पुसून मग धुवा, सिंकला बारीक जाळी. पण खरं म्हणजे, कॉइल किती आत गेल्यावर अडली होती? आठवत असेल तर तिथे कॉइलला चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. पुढच्या वेळी त्याच खुणेपाशी अडली, तर तुमच्या तेलाचा दोष नाही. तिथे पाइपला पोट पडलंय, म्हणजे तो मध्येच खाली झुकलाय, किंवा सांधा सरकलाय, आणि तेवढाच तुकडा उकरून बदलावा लागेल. दरवेळी वेगळीकडे अडली तर उकरायच्या भानगडीत पडू नका.