डोस बदलायचा अधिकार क्लिनिकल फार्मासिस्टला द्यावा का?

शतपावली:
माझं मत आधीच सांगते, मग झोडपा हवं तितकं. टाइप २ मधुमेह असलेला माणूस डॉक्टरांना तीन-चार महिन्यांतून एकदा भेटतो. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ८.६ आलेला असतो, डॉक्टर म्हणतात 'पथ्य सांभाळा, पुढच्या वेळी बघू'. पुढच्या वेळी तो ८.८ असतो. गोळी तीच, डोस तोच. अशी वर्षं निघून जातात.

हा मधला काळ क्लिनिकल फार्मासिस्टकडे, म्हणजे रुग्णांची औषधं तपासणाऱ्या औषधतज्ज्ञाकडे, सोपवावा. निदान डॉक्टरांचं, साखर कुठवर आणायची हेही डॉक्टरच ठरवणार. पण त्यांनी लेखी आखून दिलेल्या चौकटीत डोस वाढवणं-कमी करणं आणि तपासण्या सांगणं फार्मासिस्टने करावं. नुसता सल्ला नव्हे, अधिकार.

आणि प्रश्न एकट्या साखरेचा नाही. मधुमेहात जीव जातो तो बऱ्याचदा हृदयामुळे. डेन्मार्कच्या स्टेनो-२ अभ्यासात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सगळ्यांवर एकदम जोर लावला, तेव्हा हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या (२००३). रुग्ण १६०च होते, मान्य. पण इतकं सगळं दहा मिनिटांच्या भेटीत कोण बघणार?

कडुनिंब:
मुद्दा कळला, पटला नाही. साखर उतरून माणूस पहाटे घामाघूम होऊन कोसळला तर डॉक्टर म्हणणार डोस मी वाढवला नव्हता, फार्मासिस्ट म्हणणार मी चौकटीतच होतो. घरच्यांनी कुणाला धरायचं?

दुसरं, आकड्यांच्या मागे धावणं. अ‍ॅकॉर्ड अभ्यासात दहा हजारांवर रुग्ण होते. त्यातल्या एका गटाचा एचबीए१सी ६च्या खाली आणायचा चंग बांधला होता. त्या गटात मृत्यू जास्त दिसले म्हणून २००८ मध्ये तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. ज्याच्या हाती आकडा आणि तक्ता एवढंच आहे, तो डोस चढवतच जाणार. शिवाय औषध विकणाऱ्यानेच औषध वाढवायचं, हे कुठलं शहाणपण?

शतपावली:
दुकानातला विक्रेता आणि दवाखान्यात पगारावर बसणारा क्लिनिकल फार्मासिस्ट यांची गल्लत करताय तुम्ही. विक्रीशी त्याचा संबंध नसतो. जो विकतो त्याला हा अधिकार नको, इथे मी तुमच्याच बाजूची.

तिसरा_डोळा:
मग पंचाईत आहे ताई. या बाजूचा सगळ्यात नावाजलेला पुरावा दुकानांतलाच आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ५६ औषध दुकानांत ७२३ रुग्णांवर चाचणी झाली, २०१६ मध्ये छापून आली. तिथल्या फार्मासिस्टना औषध लिहून द्यायची मुभा आहे. हृदयविकाराची अंदाजित जोखीम नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत २१ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे दुकानदार नको म्हटलं तर हा पुरावाही सोडा.

आणि तो पुरावा तरी केवढा? तीन महिने. 'अंदाजित जोखीम' म्हणजे सूत्रात आकडे घालून काढलेला हिशोब, टळलेले हार्ट अटॅक नव्हेत. लॉस एंजेलिसची न्हाव्याच्या दुकानांतली चाचणी (२०१८) जास्त दणदणीत. केस कापायला आलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना फार्मासिस्ट तिथेच भेटायचे, डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार औषधं द्यायचे. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ने उतरला. दुसऱ्या गटाला न्हावी फक्त 'डॉक्टरकडे जा, तब्येत सांभाळा' असं सांगत होते, तिथे ९ने. पण ती रक्तदाबाची गोष्ट, इन्सुलिनची नाही.

डॉक्टर_रजेवर:
मी डॉक्टर आहे, आणि शतपावलींनी वर्णन केलेलं 'पुढच्या वेळी बघू' आमच्या धंद्यात रोज चालतं. दुखत काहीच नसतं ना! रुग्ण खूश, आम्ही खूश.

आमच्याकडची फार्मासिस्ट रुग्णाला सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगते आणि टेबलावर ओतते. परवा एका आजोबांच्या पिशवीतून रामिप्रिल निघालं हृदयाच्या डॉक्टरांचं, टेल्मिसार्टन निघालं मधुमेहाच्या डॉक्टरांचं, आणि अटॉर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन) दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं, दोन्ही रोज चालू. पहिली दोन रक्तदाबाची औषधं, एकत्र घेतली की पोटॅशियम चढतं, किडनीला त्रास होतो. त्यात गुडघ्यासाठी परस्पर घेतलेली वेदनाशामकं. कुठल्याच डॉक्टरने चूक लिहिलं नव्हतं, फक्त सगळं एका टेबलावर कुणी बघितलं नव्हतं.

तिने रामिप्रिल थांबवायला मला फोन केला. मी म्हणतो, तिला फोन करावाच का लागावा?

विजू_काकू:
मी रुग्ण आहे, माझंही ऐका. माझं इन्सुलिन दर भेटीला वाढत होतं आणि साखर काही हलत नव्हती. फार्मासिस्ट मुलगा म्हणाला, काकू, सुई कशी टोचता ते दाखवा. बेंबीच्या डाव्या बाजूला, नेहमीच्याच जागी टोचून दाखवली. त्याने बोटांनी चाचपलं तर तिथे चांगली गाठ झालेली! तिथलं इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही म्हणे. जागा बदलायला सांगितली, आणि डोस *आधी कमी* करायला हवा म्हणाला, कारण चांगल्या जागी तेच युनिट जोरात लागू पडतात. कडुनिंब, चढवतच जाणारा माणूस असा असतो का?

कडुनिंब:
काकू, मुलगा हुशार आहे, वाद नाही. पण यात अधिकार कुठे लागला? गाठ त्याने ओळखली, डोसचं डॉक्टरांना फोनवर विचारायचं.

विजू_काकू:
विचारलं की! डॉक्टरांनी फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उचलला. तोवर मी रात्री काय टोचायचं होतं?

तिसरा_डोळा:
कडुनिंब, काकूंनी तुमचा पहिला मुद्दाच उलटा केला. पहाटे घामाघूम होण्याचा धोका इथे डोस *न बदलल्याने* होता.

डॉक्टर_रजेवर:
सगळी औषधं एका मापाने मोजू नका. साखरेची गोळी मेटफॉर्मिन एकट्याने साखर फारशी धोक्याच्या खाली नेत नाही. इन्सुलिन आणि ग्लिबेनक्लामाइडची गोळी नेतात, म्हातारपणी तर जास्तच. नवी एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधं हृदयाला फायद्याची, पण उलट्या-जुलाब होऊन खाणं तुटलं की तेवढे दिवस थांबवावी लागतात, नाहीतर साखर फारशी न चढताही किटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचून जिवावर बेतणारा प्रकार, होऊ शकतो. हे रुग्णाला औषध सुरू होतानाच कुणीतरी बसवून सांगायला हवं. मी सांगतो का? कधी सांगतो, कधी राहून जातं.

कडुनिंब:
बरं, मग माझी अट ऐका. थांबवण्याचा आणि कमी करण्याचा अधिकार द्या, आजपासून. ईजीएफआर (किडनी किती काम करते तो आकडा) ३०च्या खाली गेला, मेटफॉर्मिन बंद, कुणाला विचारायची गरज नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी लेखी कळवायचं, म्हणजे कुणाला धरायचं हा प्रश्न उरत नाही. वाढवण्याचा अधिकार मात्र नाही.

शतपावली:
स्टॅटिनचाही नाही? रक्तदाबाच्या गोळीचाही नाही? मग हृदयाची जोखीम कमी कशी होणार? कमी करून करून?

कडुनिंब:
स्टॅटिन वाढवू द्या. रक्तदाबाची गोळीही, पण रामिप्रिल-टेल्मिसार्टन वाढवलं तर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासायचं, हे चौकटीत लिहिलेलं हवं. इन्सुलिन वाढवणं डॉक्टरांकडेच.

विजू_काकू:
आणि डॉक्टरांचा फोन?