मदत हवी आहे: पॅरिश कौन्सिलमध्ये नवी आहे

मी मूळची वसईची, लग्नानंतर गोव्यात बार्देशात आले. आमच्या वाड्यावरच्या छोट्या ख्रिस्ती समूहाने यंदा मला पॅरिश कौन्सिलवर (आमच्या चर्चच्या स्थानिक मंडळावर) पाठवलंय. महिन्याची बैठक कोंकणीत, इतिवृत्त रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या कोंकणीत. बोललेलं कळतं, वाचताना मात्र दमछाक!

कॅथोलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेत, कलम 536 मध्ये, हे कौन्सिल फक्त सल्ला देतं असं आहे. ठीक. पण ऑक्टोबरची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) घरोघरी करायची की क्रुसाजवळ एकत्र, असल्या गोष्टी तुमच्याकडे कोण ठरवतं? हात वर करून, की शेवटी फादरच? आणि मागच्या ठरावाचं काय झालं, असं नवख्या बाईने विचारलं तर आगाऊपणा वाटेल का? (सासूबाई म्हणतात, वाटेल.) रोमी पटकन वाचता यावी म्हणून काही युक्ती असेल तर तीही सांगा.