चिखलात उतरायचं की नाही?

"रोज 5 किलोमीटर पळतो, पण पुलअप एकही येत नाही, चिखलातल्या 15 अडथळ्यांच्या शर्यतीत नाव घालू काय?" असं विचारलायस. घाल की! चिखलाची भीती आम्हा खानापूरकडच्यांनी बाळगायची म्हणजे कमालच. भातलावणीआधीच्या चिखलणीला गुडघाभर गाळात दिवस काढतोच की आपण.

खरी गोची पायांची नाही, पंजाची आहे. हात चिखलानं बुळबुळीत झाले की लटकून पार करायचा लोखंडी दांडा नुसता सटकतो. गेल्या पावसाळ्यात घरामागच्या फणसाला ओला दोर बांधून लटकलो, आठ सेकंदांत खाली! महिनाभर रोज लटकल्यावर अर्ध्या मिनिटावर आलो. पुलअप नंतर बघू, आधी लटकायला शीक.

सुती टीशर्ट घालू नकोस, पाणी पिऊन जड होतो. घट्ट बसणारे जुने बूट घाल, सैल असले तर गाळातच राहतात.

पायाला उघडी जखम असेल तर मात्र या खेपेला राहू दे. उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस नावाचा तापाचा आजार) होतो, भातशेतीत काम करणाऱ्यांना तो धोका असतोच. शर्यतीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना चिखलाचं आधी सांग.

आणि हो, झटका देणाऱ्या विजेच्या तारांचा अडथळा असेल तर मी तरी बाजूनं जाणार.