मृत्युपत्र करावे, की वाटणी कायद्यावर सोडावी?

धागालेखिका:
माझ्या वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते. नाशिकच्या सदनिकेसाठी गृहनिर्माण संस्थेत थोरल्या भावाचे नामनिर्देशन केले की काम झाले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ते गेल्यावर भागप्रमाणपत्र भावाच्या नावावर झालेही. परंतु नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई व आम्ही तिघे भावंडे समान वारस आहोत, हे सदनिका विकायला काढल्यावर खरेदीदाराच्या वकिलांनी हक्कसोडपत्रे मागितली तेव्हा कळले. धाकटी बहीण परदेशात असते. तिचे मुखत्यारपत्र येईपर्यंत खरेदीदार निघून गेला. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. सही आणि दोन साक्षीदार पुरतात. तरीही शिकलेली माणसे ते टाळतात, याचे मला वाईट वाटते.

प्रतिसाद १:
ताई, आपला त्रास खरा आहे. पण निष्कर्ष मला पटत नाही. आमच्या सातारा भागात हा कागद बहुधा लेकींना वगळण्यासाठीच होताना मी पाहिला आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, परंतु वडिलांचा स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने कोणालाही देण्याची मुभा त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये आहे. माझे आजोबा शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळून होते. त्या काळात काकांच्या घरी झालेल्या कागदावर त्यांचा थरथरता अंगठा आहे, आणि आत्याला तो कागद प्रथम दिसला तो फेरफाराच्या नोटिशीसोबत. तिने तलाठ्याकडे हरकत नोंदवली, पण माहेरी जाणे तेव्हापासून सुटले. मृत्युपत्र नसते, तर तिचे नाव वारस नोंदीने सातबाऱ्यावर लागले असते.

प्रतिसाद २:
मग हयातीतच बक्षीसपत्र का करू नये? राहते घर किंवा शेतजमीन मुलांना वा नातवंडांना देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे.

प्रतिसाद १:
बक्षीसपत्र झाले की घर हातचे गेले. सांभाळ करण्याची अट त्यात लिहिलेली असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेता येते. पण पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करायला किती आईवडील धजावतील?

प्रतिसाद ३:
गोव्यात मुले असलेल्या व्यक्तीला आपल्या मालमत्तेच्या निम्म्याच भागाची व्यवस्था मृत्युपत्राने करता येते. उरलेला निम्मा सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो. तशी मर्यादा महाराष्ट्रात असती, तर आपल्या आत्याबाईंवर ही वेळ आली नसती.

धागालेखिका:
आत्याबाईंवर अन्याय झाला, हे मी मान्य करते. माझ्या मते मात्र तो लपवाछपवीमुळे झाला. मृत्युपत्र धडधाकट असताना करावे, मुलगा-मुलगी दोघांनाही त्यातील मजकूर सांगावा आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. आईने गेल्या महिन्यात असेच केले. आम्हा तिघांना (बहीण फोनवर होती) समोर बसवून तिने दोन पाने वाचून दाखवली. मोहनमाळ कोणाला, हे ऐकल्यावर भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने कारण विचारले, आणि आईने ते सांगितले. साक्षीदार म्हणून शेजारचे निवृत्त शिक्षक आणि आमचे डॉक्टर यांच्या सह्या आहेत.