मुंबईत घरच्यांना खायला कुठं न्यायचं? (मॉल सोडून सांगा)

लक्ष्मीपुरी_काका

राम राम मंडळी. पोरगी पवईला नोकरीला आहे. पुढच्या गुरुवारी रात्री कोल्हापुरातनं महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालोय, शुक्रवारी सकाळी मुंबई, सोमवारी परत. आम्ही तिघं आणि ती, असे चौघं. आई माळकरी, वय पंच्याहत्तर, गुडघे कुरकुरतात. बायको मटण खाते, पण बाहेर जेवायचं म्हटलं की "घरात काय कमी हाय?" सुरू होतं. मी सगळं खातो.

अडचण अशी की पोरगी दर खेपेला मॉलमधल्या एकाच छापाच्या हॉटेलात नेते. आत अंधार, गाणी ढाणढाण. मेनू मोबाईलवर, म्हणजे आईला वाचता येत नाही आणि मला चष्मा शोधावा लागतो. जे येईल ते मधे ठेवायचं आणि चौघांनी वाटून खायचं. मागल्या वेळी पनीर आलं, बशीत सहा तुकडे. माणसं चार. उरलेले दोन कुणी खायचे यावर "तू घे, तुम्ही घ्या" करत ते गार झाले, शेवटी वेटरनं बशी उचलली. वर बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "सर, वो तो कम्पल्सरी है." पोरगी म्हणाली, "बाबा, सोडा ना." सोडलं, पण डोक्यातनं जाईना झालंय.

आपल्याकडं ताट पुढ्यात आलं की रस्सा वाढणारा फिरतच असतो, "तांबडा का पांढरा" एवढंच विचारतो. तिथं तसं नसणार, ठाऊक आहे. आणि कोल्हापुरी खायला मला मुंबईला जायचंच नाही. तिथलंच, इथं मिळत नाही ते खायचंय. कुठल्या भागात काय खावं, आईला नीट बसून कुठं जेवता येईल, आणि त्या सर्व्हिस चार्जचं खरं काय, जरा सांगा.

परळ_रिटर्न

काका, उमेदीची सगळी वर्षं परळला नोकरीत घालवून आता कोल्हापुरात आर. के. नगरात येऊन पडलोय, म्हणून हक्कानं सांगतो. आपली सवय अशी की बाहेर जेवायचं तर एका जागी बसून ढेकर येईपर्यंत. मुंबईतल्या जुन्या हॉटेलांत तसं करू नका. एकेका ठिकाणाचा एकच पदार्थ नाव काढण्यासारखा असतो, तो खायचा आणि उठायचं. मेनू उघडायची गरजच नाही, म्हणजे तुमचा चष्म्याचा प्रश्न पण मिटला.

दुसरं, टॅक्सीनं मुंबईभर पळू नका. पवईला कांजूरमार्ग जवळ, म्हणजे सेंट्रलचा पट्टा धरा. माटुंगा, दादर, सीएसएमटी, सगळं एकाच लोकलवर. फक्त रविवारी मेगाब्लॉक बघून निघा.

महालक्ष्मी सीएसएमटीला सोडते. पवई गाठायच्या आधी सामानासकट टॅक्सीत बसून धोबीतलावला कयानीत जा. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. लाल चौकडीचे टेबलक्लॉथ, वर गरगरणारे पंखे, आणि कुणी "और कुछ?" म्हणून मागं लागत नाही. ब्रून मस्का म्हणजे कडक कवचाचा पाव आणि आत लोण्याचा थर. तो चहात बुडवून खायचा. बुडवला नाही तर टाळू सोलून निघतो. आईसाठी बन मस्का सांगा, मऊ असतो. मावा केक त्यांना देऊ नका, अंडं असतं. तुम्ही खिमा पाव घ्या. खिम्याला आपल्यासारखं तिखट नसतं, पण चहाबरोबर सकाळी सकाळी खिमा ही गोष्टच कोल्हापुरात कुणाला सुचत नाही.

एक दुपार बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया. १९२३ चं. संध्याकाळच्या भरवशावर राहू नका, दुपारीच जा. तिथला बेरी पुलाव वहिनींना द्या आणि त्यांचं तोंड बघा. भातावर बारीक लाल बेऱ्या पसरलेल्या असतात, इराणी, वाळवलेल्या. दिसायला डाळिंबाचे दाणे, चवीला आंबट. मटण भाताखाली दडवलेलं असतं. पहिले दोन घास माणूस गप्प होतो, कारण आपल्या जिभेला मटणात आंबट म्हणजे काय हे माहीतच नसतं. तिसऱ्या घासाला कळायला लागतं. रस्सा मागू नका. मी एका पाहुण्याला नेलं होतं, त्यानं "तांबडा आणा" सांगितलं आणि मला टेबलाखाली जायची पाळी आली.

पंचगंगा_घाट

काका, मेनूत "व्हेज कोल्हापुरी" दिसली तर ऑर्डर करून फोटो टाका. आम्ही पण बघतो आपण काय खातो ते.

बावड्याची_लेक

मी मुलुंडला असते, माहेर कसबा बावडा. वरच्या दादांनी सगळं सांगितलं, पण आजींचं राहूनच गेलं. मटणवाल्यांचं सगळीकडं भागतं हो, आजी मात्र जिथं तिथं चहा-पाववर.

माटुंगा आजींसाठीच आहे असं समजा. स्टेशनबाहेर रामा नायक यांचं उडुपी बोर्डिंग आहे, १९४२ पासून. केळीच्या पानावर जेवण. सांबार, रसम, भाज्या, वाढणारे फिरत असतात आणि पोटभर वाढतात. तुमची वाढप्याची तहान तिथं भागेल. पण ते पहिल्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागतो. गुडघ्यांचं आधी विचारा, तिथं पोचल्यावर नको. जिना नकोच असेल तर किंग्ज सर्कलला कॅफे मद्रास, १९४० चं. बाहेर नाव सांगून थांबायचं, रविवारी सकाळी तर विचारूच नका. आत गेल्यावर चौघांना एक टेबल मिळेल असं धरू नका, अनोळखी माणसांशेजारी बसवतात. आजींना ते आवडेल बहुतेक. माझ्या सासूबाईंनी तिथं एका मद्रासी बाईंकडून रसमची कृती काढून घेतली, दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती. रसमात बुडवलेला वडा घ्या, आणि वर फिल्टर कॉफी. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

दादरला शिवसेना भवनाच्या आसपास प्रकाश आणि आस्वाद. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पीयूष. पीयूष म्हणजे ताक-श्रीखंडाच्या मधलं काहीतरी, जायफळ-केशराचं. आस्वादला मिसळ प्रसिद्ध आहे, पण काका, तुम्ही घेऊ नका. पाव बघून "आपल्यासारखा ब्रेड कुठाय" म्हणाल, कट मागाल, आणि परत येऊन इथं धागा काढाल. तिथं थालीपीठ घ्या.

आणि मुलीवर चिडू नका. मॉलमध्ये एसी, लिफ्ट आणि स्वच्छ बाथरूम असतं. आजीला घेऊन फिरायचं म्हटल्यावर तिनं तेच बघितलं असणार. इराण्याकडं बाथरूमची चौकशी करण्यापेक्षा आधीच उरकून घ्या.

शाहूपुरी_वकील

सर्व्हिस चार्जचं सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. बिलात तो आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाखाली पण नाही. तो दिला तरच आत घेऊ असंही म्हणता येत नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला या सूचना कायम ठेवल्या. म्हणजे "कम्पल्सरी है" हे धादांत खोटं. शांतपणे "काढून द्या" म्हणायचं. नाहीच ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार. बिलाचा फोटो मात्र जवळ ठेवा.

जीएसटीवरनं भांडू नका, तो द्यावाच लागतो. साध्या हॉटेलात ५ टक्के, बिलात अडीच-अडीच असा दोनदा दिसतो. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर त्याच्यावर पण जीएसटी चढवलेला असतो. चार्ज काढायला सांगाल तेव्हा नवीन बिल करून मागा, नुसती पेनानं खोडाखोड नको.

वेटरला खूश करायचं असेल तर रोख हातात द्या. ते वेगळं.

लक्ष्मीपुरी_काका

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय. शुक्रवारी उतरल्या उतरल्या कयानी, मग पवई, झोप. संध्याकाळी दादर. शनिवारी ब्रिटानिया, बायकोला काही सांगणार नाही, नुसतं पुढ्यात ठेवणार. माटुंगा रविवारीच बसवावं लागतंय, सोमवारी मद्रास बंद. मेगाब्लॉक असला तर पोरगी गाडी बुक करते म्हणाली.

आईला जिन्याचं विचारलं. म्हणाली, "केळीच्या पानावर वाढत असतील तर चढते की." त्यामुळं रामा नायक पक्कं.

@परळ_रिटर्न, कयानीत सामान ठेवायला जागा असते का? दोन बॅगा आणि एक पिशवी आहे, पिशवीत कांदा-लसूण मसाल्याचा डबा. तो टॅक्सीत विसरला तर पोरगी घरात घ्यायची नाही.

परळ_रिटर्न

बॅगा टेबलाखाली सरकवा. डबा मांडीवर.