माडीवरच्या संगणकाचे वायफाय अधूनमधून तुटते, त्याच टेबलावरच्या मोबाइलचे मात्र तुटत नाही

चिरेबंदी (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर रत्नागिरी तालुक्यातील एका गावात आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आणि दीड फूट जाडीच्या असून मधली तक्तपोशी लाकडी आहे. फायबरची जोडणी ओटीवर येते, राउटर तिथेच भिंतीवर आहे आणि माझा संगणक त्याच्या जवळजवळ डोक्यावर, माडीवरच्या खोलीत आहे. मी गावातील व तालुक्यातील लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरतो, त्यामुळे महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास इंटरनेट तुटणे मला अजिबात परवडत नाही.

अडचण अशी की, संगणकाचे वायफाय कोणतेही कारण न दिसता तुटते, एक-दोन मिनिटांनी आपोआप जोडले जाते आणि कधी पुन्हा लगेच तुटते. एखादा अख्खा दिवस काहीच होत नाही. एखाद्या दिवशी मात्र तासाभरात पाच-सहा वेळा हा प्रकार घडतो. त्याच टेबलावर ठेवलेला मोबाइल त्याच वायफायवर व्यवस्थित चालू असतो. संगणक २०१९ साली जुळवून घेतलेला आहे, त्यावर विंडोज १० आहे आणि वायफायसाठी नखाएवढा यूएसबी अडॅप्टर मागच्या बाजूला लावलेला आहे. राउटर बंद करून चालू करणे, संगणकातील जोडणी पुसून पासवर्ड नव्याने देणे, हे सर्व करून झाले. आधी पावसाचा संशय होता, पण उघडीप असतानाही तुटते. कारण नेमके कसे शोधावे, हे कोणी सांगेल काय?

निवृत्त दूरसंचारी

आपण लक्षणे चांगली लिहिली आहेत, परंतु "इंटरनेट तुटते" आणि "वायफाय तुटते" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. संगणक ते राउटर हा एक टप्पा, राउटर ते बाहेरचे जग हा दुसरा. कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या, दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग करावे (तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर पाहून खात्री करावी) आणि दुसरीत ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. पिंग म्हणजे त्या पत्त्याला लहानसा संदेश पाठवून उत्तर येते का आणि किती वेळात येते, ते पाहणे. आज्ञेच्या शेवटी उणे चिन्ह देऊन टी हे अक्षर जोडले की आपण थांबवेपर्यंत पिंग चालू राहते. पहिल्या खिडकीत उत्तरे नीट येत असताना केवळ दुसरीतली थांबली, तर दोष तारेचा किंवा सेवा देणाऱ्याचा आहे. दोन्ही एकदम थांबल्या, तर दोष आपल्या घरात आहे.

विंडोजमध्ये वायफायचा गेल्या तीन दिवसांचा अहवालही तयार मिळतो. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकावी, म्हणजे अहवाल कोठे जतन झाला ते तिथेच दिसते. त्यात जोडणी केव्हा आणि कोणत्या कारणाने तुटली याची नोंद असते.

याशिवाय एक कागदाची वही ठेवावी आणि तीत प्रत्येक वेळी घड्याळातील वेळ, त्या क्षणी आपण काय करत होता आणि घरात कोणते उपकरण चालू होते, हे लिहावे. तुरळक बिघाडाचे कारण बहुतेक वेळा अशा वहीतच सापडते. चाळीस वर्षांपूर्वी एक्स्चेंजमध्ये आम्ही हेच करत असू, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची वेळ जुळल्यामुळे सुटलेली वायफायची प्रकरणेही मी पाहिली आहेत, कारण तो ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यात काम करतो.

घरपोच

एवढा खटाटोप कशाला? राउटर जुना झाला असेल. नवा घ्यावा, विषय संपला.

निवृत्त दूरसंचारी

राउटर दोषी असता तर त्याच टेबलावरचा मोबाइलही तुटला असता. खर्च करण्याआधी चार दिवस वही लिहायला काही पडत नाही.

चिरेबंदी

सांगितल्याप्रमाणे चार दिवस नोंदी ठेवल्या. एकूण बारा वेळा तुटले. त्यांपैकी एकदा वीज गेली होती आणि इन्व्हर्टरवर जाताना राउटरचे दिवे क्षणभर विझले. त्या वेळी मोबाइलचेही वायफाय गेले, त्यामुळे ती नोंद बाजूला ठेवतो. उरलेल्या अकराही वेळा दोन्ही खिडक्यांतील पिंग एकाच वेळी थांबले, म्हणजे दोष घरातच आहे हे मान्य.

अकरापैकी तीन वेळा मी जेवून किंवा चहा घेऊन माडीवर परत आलो तेव्हा जोडणी तुटलेलीच आढळली, आणि अहवालात त्या वेळेसमोर ड्रायव्हरने, म्हणजे अडॅप्टर चालवणाऱ्या संगणकातील प्रोग्रामने, जोडणी तोडल्याचे लिहिले आहे. बाकीच्या आठ नोंदी संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यानच्या आहेत आणि त्या वेळी मी समोर बसून काम करत होतो. तुटण्याआधी राउटरकडून येणारी उत्तरे, जी एरवी तीन-चार मिलिसेकंदांत येतात, ती चारशे, सातशे अशी वाढत जातात आणि मग येईनाशी होतात. मायक्रोवेव्ह आमच्याकडे नाही. शेजारची घरे लांब असल्याने वायफायच्या यादीत आमच्याशिवाय दोनच नावे दिसतात.

विषयाशी संबंध नाही, पण याच सुमारास बिनतारी माऊसही अडखळू लागला आहे. सेल बदलून पाहिले, फरक पडला नाही.

मेगाहर्ट्झ

संबंध आहे, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे. बिनतारी माऊसचा रिसीव्हर आणि तुमचा नखाएवढा अडॅप्टर हे दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. दोघेही एकाच वेळी आजारी पडत असतील, तर त्यांना एकच गोष्ट बाधत आहे आणि ती संगणकाच्या अगदी जवळ आहे. हातभर अंतरावरच्या मोबाइलला ती जाणवत नाही, यावरून ती किती जवळ असावी याचा अंदाज येतो.

आधी सोपी गोष्ट उरकू. जेवणानंतरच्या तीन नोंदींचे कारण बहुधा वीज बचत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या यादीतून वायफायचा अडॅप्टर निवडावा आणि त्याच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला देणारी चौकट रिकामी करावी. पॉवर प्लॅनच्या प्रगत रचनेत यूएसबीचे सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वापरात नसलेले यूएसबी उपकरण झोपवण्याची सोय, तीही बंद करावी. अडॅप्टरच्या उत्पादकाकडचा नवा ड्रायव्हर असेल तर तोही घालावा, मात्र या दोन गोष्टी एकाच दिवशी करू नयेत, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

आता संध्याकाळच्या आठ नोंदी. सात ते साडेआठमध्ये तुम्ही संगणकाला असे काय जोडता, जे दुपारी जोडत नाही? माझा संशय बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे. यूएसबी ३.० मध्ये माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने जाते आणि या वेगाच्या संकेतांचा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यावर पसरतो. तो वायरीतून, जोडाच्या फटीतून आणि डिस्कच्या डबीतून बाहेर झिरपतो. इंटेलने २०१२ साली याच विषयावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते आणि त्यात या पट्ट्यातील गोंगाट सुमारे २० डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभर पटींपर्यंत वाढल्याचे दाखवले होते. अँटेना या गोंगाटापासून जितकी दूर तितकी सुरक्षित. तुमच्या अडॅप्टरची अँटेना मात्र त्या नखाएवढ्या डबीतच आहे, आणि ती डबी कदाचित डिस्कच्या वायरीला टेकलेली असेल. राउटरचा आवाज कमी झालेला नसतो, पण कानाशी कोणी ताशा वाजवत असेल तर समोरच्याचे बोलणे ऐकू कसे येणार? म्हणूनच उत्तरे आधी उशिरा येतात, कारण तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, आणि शेवटी जोडणीच तुटते.

खात्री करणे सोपे आहे. डिस्क जोडून तिच्यावर एखादी मोठी फाइल उतरवावी आणि त्याच वेळी राउटरचे पिंग पाहावे. मग डिस्क काढून पुन्हा पाहावे. असे तीनदा आलटून पालटून करावे, म्हणजे योगायोगाला जागा राहणार नाही.

वारजे माळवाडी

माझीही तक्रार अशीच होती, परंतु कारण वेगळे निघाले, म्हणून लिहितो. आमच्या पुण्यातील इमारतीत घरात बसून पंचवीस-तीस वायफायची नावे दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १ ते १३ चॅनेल, म्हणजे पट्ट्याचे क्रमांक दिलेले लहान भाग, वापरता येतात, पण लगतच्या चॅनेलमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचे आणि प्रत्येक जोडणीची रुंदी किमान २० मेगाहर्ट्झ, त्यामुळे ती एकमेकांवर चढलेली असतात आणि १, ६ व ११ ही तीनच काय ती सुटी राहतात. माझा राउटर आपोआप ४० मेगाहर्ट्झची रुंदी घेत होता. ती २० केली, चॅनेल ११ कायमचे ठरवून दिले आणि तुटणे पुष्कळ कमी झाले. पूर्ण थांबले ते संगणक ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर नेल्यावर.

त्यातही एक मेख आहे. ५ गिगाहर्ट्झमधील ५२ ते ६४ आणि १०० पासून १४४ पर्यंतच्या चॅनेलवर अनेक राउटर रडारची चाहूल घेत असतात. चाहूल लागली की राउटरला ते चॅनेल सोडावे लागते आणि त्या वेळी घरातील सगळीच उपकरणे एकदम तुटतात. त्यामुळे ३६ ते ४८ मधील चॅनेल निवडलेले बरे. चिरेबंदी यांनीही ५ गिगाहर्ट्झचा अडॅप्टर घेऊन पाहावा, असे मला वाटते.

मेगाहर्ट्झ

पुण्याच्या इमारतीत हे बरोबर आहे. पण ज्या घरात यादीत अवघी तीन नावे दिसतात तिथे गर्दी हे कारण नव्हे. दुसरे म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत अधिक लवकर दमतात, आणि जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, मग तर विचारायलाच नको. त्यांच्या बाबतीत मधे लाकडी तक्तपोशी आहे, म्हणून कदाचित चालेलही. मात्र आधी फुकटचा उपाय करून पाहावा.

चिरेबंदी

उशिरा उत्तर देत आहे, वीस तारीख मध्ये आली.

संशय खरा ठरला. मी रोज संध्याकाळी सातच्या सुमारास दिवसभराच्या हिशेबाचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो आणि नंतर जेवायला उठेपर्यंत ती तशीच जोडलेली असते. मागे पाहिले तर डिस्कची वायर आणि अडॅप्टर शेजारशेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये, मधे बोटही जाणार नाही इतके जवळ. डिस्क जोडून चार गिगाबाइटची फाइल उतरवू लागताच राउटरचे पिंग तीनवरून सहाशेवर गेले आणि मिनिटाभरात थांबले. डिस्क काढताच पुन्हा तीन-चार. सांगितल्याप्रमाणे तीनदा केले; तिन्ही वेळा तेच, आणि तिन्ही वेळा माऊसही अडखळला. एवढ्या दिवसांत हे माझ्या लक्षात आले नाही याचे कारण असे की, बॅकअप हे मला "काम करणे" वाटतच नव्हते, त्यामुळे वहीत मी प्रत्येक वेळी केवळ "विवरणपत्र भरत होतो" एवढेच लिहीत गेलो.

उपाय म्हणून रत्नागिरीच्या बाजारातून दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणली, अडॅप्टर मागून काढून पुढच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टला तिच्याद्वारे जोडला आणि खिडकीच्या चौकटीवर चिकटपट्टीने लावला. माऊसचा रिसीव्हरही पुढे आणला. डिस्क मागेच आहे. वीज बचतीची चौकट त्याआधी तीन दिवस रिकामी केली होती आणि तेव्हापासून जेवणानंतरचे तुटणे बंद झाले होते, त्यामुळे दोन्ही उपायांचा हिशेब वेगळा मांडता येतो. आज नऊ दिवस झाले. वहीत दोन नोंदी आहेत आणि दोन्ही वीज गेल्याच्या.

निवृत्त दूरसंचारी

उत्तम. त्या दोन नोंदींसाठी राउटर आणि फायबरची डबी, दोन्ही लहान डीसी यूपीएसवर, म्हणजे वीज गेली तरी खंड न पडू देणाऱ्या बॅटरीच्या डबीवर, घ्यावीत. इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर खंड पाडतो. तेवढ्यात राउटर नव्याने सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटे जातात. यूपीएस घेताना दोन्ही उपकरणांच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून घ्यावेत, कारण सगळी उपकरणे १२ व्होल्टची नसतात.

आणि तक्तपोशी लाकडी आहेच, तर एखाद्या फळीच्या सांध्यातून खाली साधी लॅन केबल सोडता येईल काय, तेही पाहावे. शंभर मीटरपर्यंत तिला काही होत नाही.

चिरेबंदी

सुताराला सांगितले आहे. पाऊस उघडल्यावर येतो म्हणाला.